राग आवरण्याचे शिक्षण आणि पडद्यावरील खेळ

इयत्ता पहिलीच्या वर्गात जून-जुलैच्या दिवसांत वारंवार घडणारी एक गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. दोन मुलांचा एका पाटीवरून तंटा होतो. एक ओरबाडतो, दुसरा भोकाड पसरतो, आणि शिक्षकाने कष्टाने बसविलेली वर्गाची घडी क्षणात विसकटते. अशा वेळी काय करावे, हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. पूर्वी त्याचे उत्तर छडी हे होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्कासंबंधीच्या २००९ च्या अधिनियमाने, कलम १७ अन्वये, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंस मनाई केली, आणि ते सर्वथा योग्यच झाले. परंतु छडी गेली म्हणजे मुलाला राग आवरता येऊ लागला, असे नव्हे. छडीची रिकामी झालेली जागा कशाने भरावयाची, ह्याचा विचार पुष्कळ ठिकाणी राहूनच गेला.

अलीकडे ती जागा घेण्यास एक नवे साधन पुढे आले आहे. ते म्हणजे टॅबवरील अथवा भ्रमणध्वनीवरील खेळ. लहान मुलांना आपल्या भावना ओळखावयास व आवरावयास शिकविण्याच्या उद्देशाने तयार केलेले असे काही खेळ आज उपलब्ध आहेत. त्यांचा आपल्या शाळांतून उपयोग करावा की नाही, आणि करावयाचा तर कसा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक चुकीचा शेरा

आरंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. चार वर्षांपूर्वी एका द्विशिक्षकी शाळेस मी भेट दिली. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून शाळेला चार टॅब घेऊन दिले होते. मी वर्गात असतानाच पहिलीतील एक मुलगा रडू लागला. बाईंनी लगेच त्याच्या हाती टॅब दिला. फुगे फोडण्याचा कसलासा खेळ सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात रडणे थांबले. मला त्याचे मोठे कौतुक वाटले. 'साधनांचा उत्तम उपयोग. वर्ग शांत,' असा शेरा मी शेरेबहीत लिहिला आणि पुढच्या शिक्षण परिषदेत त्या शाळेचे उदाहरणही दिले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा त्याच वर्गात एकाऐवजी चार-पाच मुले रडत होती. बाई म्हणाल्या, "साहेब, रडले की टॅब मिळतो, हे आता सगळ्यांना कळले आहे. आणि तो पहिला मुलगा टॅब काढून घेतला की पूर्वीपेक्षा जास्त आदळआपट करतो. मला हे मागेच बंद करावयाचे होते. पण तुमचा शेरा वाचून धीर होईना."

ह्या शेवटच्या वाक्याने मी ओशाळलो. मुलगा शांत झाला हे मी पाहिले होते. तो शांत कसा झाला, हे पाहिले नव्हते. राग विसरणे निराळे आणि राग आवरणे निराळे. पहिल्यात मुलाला काहीच करावे लागत नाही. दुसऱ्यात सारे काही त्यालाच करावयाचे असते. ह्या दोहोंतील भेद ध्यानी ठेवला, तर पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

आत्मनियमन म्हणजे काय?

भावनांचे आत्मनियमन म्हणजे भावना दडपणे नव्हे. राग, भीती, हेवा, लाज ह्या भावना मुलाच्या ठिकाणी असावयाच्याच. आत आलेली भावना ओळखणे, तिच्या लोंढ्यात वाहून जाण्यापूर्वी क्षणभर थांबणे, आणि मग काय करावयाचे ते ठरविणे, ह्या तीन पायऱ्यांना मिळून आत्मनियमन म्हणता येईल. ही शक्ती जन्मतः पूर्ण नसते. मेंदूच्या पुढील भागात, जेथे आवेगाला लगाम घालण्याचे कार्य मुख्यत्वे चालते, तेथील वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणून सहा वर्षांचे मूल चिडून पाटी फेकते, तेव्हा ते दुष्ट नसून अपरिपक्व असते. वाचन आणि गणित ज्याप्रमाणे शिकवावे लागते, त्याचप्रमाणे हेही शिकवावे लागते.

ह्या संदर्भात एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या आरंभी तो केला. मुलापुढे आवडीचा खाऊ ठेवावयाचा आणि सांगावयाचे की, आताच हवा तर एक मिळेल, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुले थांबू शकली, ती केवळ मन घट्ट करून बसली नव्हती. कोणी डोळे झाकून घेतले, कोणी गाणे म्हटले, कोणी स्वतःशीच बोलत राहिले. थोडक्यात, त्यांनी आपले मन आपणच दुसरीकडे वळविले. रडणाऱ्या मुलाच्या हाती टॅब देतो तेव्हा मन वळविण्याचे हेच काम आपण त्याच्याऐवजी करतो. त्याला स्वतः ते करण्याची संधी मिळत नाही.

ह्या प्रयोगावरून 'जे मूल थांबते ते पुढे यशस्वी होते' असा ढोबळ निष्कर्ष काढला जातो, तो मात्र जपून घ्यावा. २०१८ साली टायलर वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच हा संबंध पुष्कळच क्षीण झाला. रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड व सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी काही मुलांना आधी दिलेले एक लहानसे वचन पाळले, तर काहींच्या बाबतीत ते मोडले. मग तोच खाऊचा प्रयोग केला. वचन पाळले गेलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. वचन मोडले गेलेली सुमारे ३ मिनिटे. तात्पर्य, मुलाचा संयम हा केवळ त्याच्या स्वभावावर नव्हे, तर समोरच्या मोठ्या माणसावरील विश्वासावरही उभा असतो. "तुझी पाळी येईल," असे आपण म्हणतो, ती पाळी खरोखर आली पाहिजे.

खेळ हेच संयमाचे पहिले शेत

मुलाला नुसते "स्वस्थ उभा राहा" म्हटले तर ते फार वेळ उभे राहात नाही. मनुइलेंको ह्या सोव्हिएत संशोधिकेने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीच मुले पहारेकऱ्याची भूमिका घेऊन खेळू लागताच कितीतरी अधिक वेळ निश्चल उभी राहिली. खेळात नियम असतो, आणि तो मुलाने आपखुशीने स्वीकारलेला असतो. म्हणून त्या नियमासाठी ते आपला आवेग आवरते.

आपल्याकडील जुने खेळ ह्या दृष्टीने पाहावेत. 'चिमणी उड, कावळा उड' म्हणता म्हणता मध्येच 'दगड उड' म्हटले की जमिनीवरील बोट उचलू न देणे, हा आवेग रोखण्याचा अस्सल व्यायाम आहे. 'शिवाजी म्हणतो' ह्या खेळात तर आज्ञा ऐकल्यावर 'ही पाळावयाची की नाही' असा निर्णय दर वेळी करावा लागतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या मेगन मॅक्लेलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीसाठी ज्या खेळांचा अभ्यास केला, त्यांतील एक असाच आहे: एका रंगाला चालावयाचे, दुसऱ्याला थांबावयाचे, आणि मुलांना सवय झाली की नियम उलटा करावयाचा. आपणही 'चिमणी उड'मध्ये पाच मिनिटांनंतर नियम फिरवून पाहावा. उडणाऱ्याच्या नावाला बोट खाली, न उडणाऱ्याच्या नावाला वर! वर्गात हशा पिकेल आणि व्यायाम दुप्पट होईल.

पडद्यावरील खेळ काय करू शकतो?

मग पडद्यावरच्या खेळाची आवश्यकताच काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका उदाहरणावरून देतो. १९६९ पासून चालत आलेला 'सेसमी स्ट्रीट' हा बालकांसाठीचा कार्यक्रम ज्या संस्थेचा, आणि २००६ पासून आपल्याकडे 'गली गली सिम सिम' ह्या नावाने ज्याची भारतीय आवृत्ती दाखविली गेली, त्या संस्थेने 'ब्रीद, थिंक, डू' म्हणजे 'श्वास घ्या, विचार करा, कृती करा' नावाचा एक खेळ तयार केला आहे. त्यात निळ्या केसांचा एक गोंडस राक्षस-बाळ आहे. त्याला बूट घालता येत नाही, त्याचा ठोकळ्यांचा मनोरा कोसळतो, शाळेत आईबाबांना निरोप देताना त्याला रडू येते. खेळणाऱ्या मुलाने त्याच्या पोटावर हळूच बोट टेकवून त्याला सावकाश श्वास घ्यावयास लावावयाचे, मग बुडबुड्यांवर बोट ठेवून त्याला उपाय सुचू द्यावयाचे, आणि शेवटी त्यांतील एक उपाय निवडून तो करून पाहावयाचा.

ह्या रचनेत तीन गुण आहेत. पहिला, राग दुसऱ्याचा असतो. त्यामुळे मूल त्याकडे शांतपणे पाहू शकते. दुसरा, मूल येथे शिक्षा भोगणारे नसून मदत करणारे असते. 'तू चिडतोस' असे त्याला कोणी म्हणत नाही. तिसरा, तोच प्रसंग दहा वेळा घडविता येतो, जे खऱ्या भांडणाच्या बाबतीत शक्य नाही आणि इष्टही नाही. सावकाश श्वासाला शरीराचाही आधार आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून लांब उच्छ्वास हा राग ओसरण्यास साह्यकारी होतो.

आणि काय करू शकत नाही?

वर सांगितलेल्या शाळेत मी जे पाहिले, त्याच स्वरूपाचा अनुभव पुढे संशोधनातही नोंदला गेला. मिशिगन विद्यापीठातील जेनी रॅडेस्की व सहकाऱ्यांनी ३ ते ५ वर्षे वयाच्या ४२२ मुलांच्या पालकांकडून माहिती मिळवून डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, मुलाला शांत करण्यासाठी वारंवार पडदा हाती देणे आणि पुढील महिन्यांत त्याची भावनिक चिडखोरता वाढणे, ह्यांचा संबंध दिसतो. मुलग्यांत व मुळात चंचल असलेल्या मुलांत तो विशेष दिसतो. चिडणाऱ्या मुलाला पडदा अधिक दिला जातो आणि पडद्यामुळे ते अधिक चिडते, असे हे दुहेरी चक्र असू शकते. दोन्ही अर्थांनी शिक्षकाने सावध राहावे, हे उघड आहे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. टेक्सास टेक विद्यापीठातील एरिक रॅसमुसेन व सहकाऱ्यांनी २०१६ साली भावनांचे शिक्षण देणाऱ्या एका बालमालिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मालिका पाहणाऱ्या मुलांना भावना ओळखण्यात लाभ झाला खरा. परंतु तो झाला मुख्यतः अशा मुलांना, की ज्यांचे पालक पाहिलेल्या गोष्टीविषयी त्यांच्याशी नेहमी बोलत होते. ही मालिका दूरचित्रवाणीवरील होती. तथापि खेळाच्या बाबतीत हाच धडा घेण्यास हरकत नाही. पडदा प्रसंग उभा करतो. त्याचा अर्थ शेजारी बसलेला मोठा माणूस लावून देतो. तो माणूस नसेल, तर मूल राक्षस-बाळाच्या पोटावर टिचक्या मारून मोकळे होते.

वेळेची मर्यादाही पाळली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी बसून पडदा पाहण्याचा वेळ १ तासाहून अधिक नसावा, कमी असेल तितके उत्तम, असे सांगितले आहे. आपल्या केंद्र शासनाच्या 'प्रज्ञाता' ह्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा घातली होती. आपला पाठ आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्यक्ष पडदा प्रत्येक वेळी सात-आठ मिनिटे, इतकाच असावा.

भावनांना नावे देणे

अशा खेळांतून बहुधा चार-सहा चेहरे दाखविलेले असतात: हसरा, रडका, रागीट, घाबरलेला. आपल्या मुलांची भाषा ह्याहून कितीतरी समृद्ध आहे. मूल रुसते, फुगते, हिरमुसते, खट्टू होते, धुसफुसते, वरमते, बावरते. रुसलेल्या मुलाला कोणीतरी आपली समजूत काढावी असे वाटत असते. हिरमुसलेल्या मुलाची आशा मोडलेली असते. दोघांचा चेहरा पडद्यावर एकच दिसेल. पण दोघांना लागणारी मदत निराळी आहे. वर उल्लेखिलेला खेळ इंग्रजी व स्पॅनिश भाषेत तयार झालेला आहे. म्हणून तो दाखविताना आवाज बंद करून शिक्षकाने स्वतः मराठीत बोलावे, हे उत्तम. ज्या मुलांची घरची बोली निराळी आहे, त्यांना "तुमच्या घरी ह्याला काय म्हणतात?" असे विचारून तोच शब्द फळ्यावर लिहावा. भावनेला आपल्या बोलीतले नाव मिळाले की ती अर्धी ताब्यात आली, असे समजावे.

वर्गातील पाठ

सुमारे २५ मिनिटांचा पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल.

(१) मुले शांत असतानाच पाठ घ्यावा. भांडण चालू असताना टॅब कदापि बाहेर काढू नये. पोहणे शिकावयाचे ते पूर नसताना.

(२) मुलांना गोलात बसवावे. काल कोणाला कशाचा राग आला, हे विचारावे. सांगावयाची सक्ती नसावी. शिक्षकाने प्रथम स्वतःचा एक लहानसा प्रसंग सांगावा.

(३) टॅब मध्ये ठेवावा. एका मुलाने तो हाताळावा. बाकीच्यांनी आपापल्या पोटावर हात ठेवून पडद्यावरील बाळाबरोबर सावकाश श्वास घ्यावा. कोणाची पाळी केव्हा, हे नावांच्या पट्टीवर लिहून भिंतीला लावावे आणि ती पट्टी काटेकोरपणे पाळावी. वीस मुलांत एकच टॅब असणे ही येथे उणीव नसून पाळीची वाट पाहण्याचा तो आयताच पाठ आहे.

(४) उपाय निवडण्यापूर्वी खेळ थांबवावा आणि विचारावे, "तू असतास तर काय केले असतेस?" मुलांनी सुचविलेले उपाय पडद्यावरील उपायांहून पुष्कळदा अधिक उपयोगी असतात.

(५) टॅब बंद करून तोच प्रसंग आपल्या वर्गातील वस्तू घेऊन दोन मुलांकडून करवून घ्यावा: पाटीचा तंटा, नळावरची गर्दी, मोडलेली पेन्सिल.

(६) मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत कोणी ढकलाढकली केली, तर रागावण्याऐवजी पोटावर हात ठेवून खूण करावी. पाठाचे खरे मूल्यमापन त्या रांगेतच होते.

ॲप निवडताना त्यात जाहिराती नाहीत, ते इंटरनेटवाचून चालते आणि मुलाचे नाव वा छायाचित्र मागत नाही, एवढे पाहावे. बक्षिसांचा व गुणांचा वर्षाव करणारे, एकामागून एक आपोआप सुरू होणारे खेळ ह्या कामी निरुपयोगी आहेत. थांबावयास शिकविणारा खेळ मुळात स्वतः थांबणारा हवा.

ज्या शाळेत टॅब नाही, अथवा वीज नाही, तेथील शिक्षकांनी निराश होण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा मॉन्टेसरी पद्धतीतील महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी बिया, शिंपले, दगड ह्यांतून साधने उभी केली. तत्त्व घेतले आणि वस्तू स्थानिक वापरली. आपणही तसेच करावे. चिंध्यांचा एक बाहुला, त्याच्या पोटावर ठेवावयाचा हात, आणि "आता ह्याला काय करू या?" हा प्रश्न, एवढ्यावर हा सर्व पाठ घेता येतो.

प्रगती कशी ओळखावी?

वर्ग शांत आहे, ही प्रगतीची खूण नव्हे. भीतीनेही वर्ग शांत बसतो. मूल "मला राग आलाय" असे शब्दांत सांगू लागले का, चिडल्यानंतर कामाकडे परतावयास त्याला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो का, कोणी न सांगता ते श्वास घेते का अथवा मदत मागते का, ह्या गोष्टी एका वहीत महिन्यातून दोनदा टिपून ठेवाव्यात. जे मूल सतत कोमेजलेले वा अनावर राहते, त्याच्या बाबतीत भूक, आजार, ऐकण्यातील दोष किंवा घरातील दुःख ह्यांची प्रथम चौकशी करावी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास ते अवश्य दाखवावे. अशा मुलावर खेळ हा इलाज नव्हे.

त्या द्विशिक्षकी शाळेतील बाईंनी पुढे टॅब कपाटात ठेवला आणि आठवड्यातून दोन दिवस, वर सांगितल्याप्रमाणे, गोलात बसून तो काढावयास आरंभ केला. पहिले पंधरा दिवस रडारड वाढली. मग हळूहळू ओसरली. गेल्या वर्षी मी गेलो असताना मुलांच्या गोंगाटाने त्या स्वतः त्रासल्या होत्या. त्या वर्गासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मुलांनो, मला आता राग आला आहे. मी जरा थांबते." आणि त्यांनी पोटावर हात ठेवला. तेव्हा तो पूर्वीचा रडणारा मुलगा, आता तिसरीत गेलेला, दारातून म्हणाला, "बाई, तीनदा घ्या."

शेरेबहीत त्या दिवशी मी वर्ग शांत असल्याचे लिहिले नाही. जुना शेरा चुकीचा होता, एवढे मात्र तारखेसह लिहिले. आपल्या शाळांतून छडीच्या जागी पडदा येऊ नये. त्या जागी शिक्षकाचा धीर यावा, आणि पडद्याने त्या धीराला हातभार लावावा, एवढेच ह्या लेखाचे सांगणे आहे. शिक्षकबंधुभगिनींनी हा पाठ आपापल्या वर्गात करून पाहावा आणि आलेले अनुभव, विशेषतः फसलेले, केंद्राच्या शिक्षण परिषदेत मोकळेपणाने मांडावेत, अशी विनंती आहे.